नवे स्पीकर घेण्याआधी गेलेला स्पीकर उघडून पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी हॅचबॅक. पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट (खालच्या सुरांचा वूफर आणि वरच्या सुरांचा ट्वीटर वेगळे असलेला संच), मागे ६ बाय ९ चे ओव्हल, चार चॅनलचा ॲम्प (ॲम्प्लिफायर). पुढच्या स्पीकरची दुसरी जोडी वर्षाच्या आत गेली. डावा आधी घरघरत होता, मग गप्पच झाला. उजवा आवाज वाढवला की फर्र करतो. एक दुकानदार म्हणतो ॲम्प कमी पडतोय, मोठा घ्या. दुसरा म्हणतो १६०० वॅटच्या ॲम्पवर ३०० वॅटचा स्पीकर टिकणारच नाही, ॲम्प छोटा करा. स्पीकरच्या खोक्यावर आरएमएस (सलग झेलता येणारी पॉवर) ६० वॅट लिहिलंय, ॲम्पला २५ अँपिअरचा फ्यूज आहे, गेन (आत येणारा सिग्नल ॲम्पने किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) पूर्ण उघडा, बास बूस्ट (खालचे सूर वाढवणारं बटण) चालू आणि फिल्टरचं बटण ‘फुल’वर, म्हणजे सगळे सूर स्पीकरकडे. कोणाचं ऐकायचं, आणि गेलेला स्पीकर दुरुस्त करून घ्यावा का?

माझ्या मते दोघांचंही ऐकू नका. ॲम्प आणि स्पीकर यांची जोडी ठीक आहे, बिघाड सेटिंगमध्ये आहे. ती अशीच राहिली तर ॲम्प मोठा घ्या की छोटा, तिसरी जोडीही याच वाटेने जाईल. मात्र हे मी तुमच्या वर्णनावरून म्हणतोय. खात्री तुम्हाला घरी करता येईल, आणि ती केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. काही शे रुपयांचा मल्टिमीटर, स्क्रू ड्रायव्हर आणि घड्याळात घालतो तो दीड व्होल्टचा सेल एवढं पुरे.

सुरुवात डाव्या बाजूपासून करा. गप्प झालेला स्पीकर जळलाच असेल असं धरून चालू नका. डेक (डॅशबोर्डमधला म्युझिक प्लेयर) बंद करून ॲम्पवरच्या पुढच्या डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या वायरी एकमेकांच्या जागी लावा आणि हळू आवाजात वाजवा. डावं दार तरीही गप्प असेल तर दोष त्या दारात किंवा दारापर्यंतच्या वायरीत आहे. गप्प बसायची पाळी आता उजव्यावर आली असेल, तर स्पीकर निर्दोष. मग ॲम्पचा तो चॅनल, आरसीए वायर (डेककडून ॲम्पला सिग्नल नेणारी) किंवा डेक तपासा. आरसीएच्या पिनाही अशाच आलटूनपालटून लावल्या की या तिघांतला नेमका कोण ते कळतं.

दोष दाराकडचा निघाला, तर ॲम्पकडून ती वायर सुटी करा आणि तिच्या दोन टोकांत ओहम मोजा. ४ ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. ओहमचा आकडा आलाच नाही तर पुढचं पाऊल दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीकडे. दार रोज उघडतं-मिटतं, वायर त्याच जागी वाकते आणि बाहेरचं प्लास्टिक शाबूत राहून आतलं तांबं तुटतं. दार हलवलं की आवाज ये-जा करतो, ही तिची खूण. अशा गाडीत चांगला स्पीकर काढून नवा बसवलेला मी बघितलाय, आणि नवाही अर्थातच गप्प. वायरीचं एकेक टोक गाडीच्या पत्र्याशीही तपासा. तिथे काहीही जोड दाखवता कामा नये. डेकच्या आणि ॲम्पच्या स्पीकर आउटपुटमधली एकही वायर बॉडीला लागलेली चालत नाही, ‘मायनस’ म्हणून ओळखतो तीसुद्धा. लागली की ॲम्प प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो.

कंपोनंट सेटबद्दल एक सांगून ठेवतो. ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि तो मीटरचा डीसी (एकाच दिशेने वाहणारा करंट) अडवतो. म्हणून क्रॉसओव्हरच्या (वूफर आणि ट्वीटरमध्ये सूर वाटणाऱ्या भागाच्या) अलीकडून मोजलं तर फक्त वूफर दिसतो, ट्वीटर दिसतच नाही. त्यावरून ट्वीटर गेला असं ठरवू नका, थेट त्याच्या टर्मिनलवर मोजा. काही क्रॉसओव्हरमध्ये तापल्यावर करंट तोडणारा भागही असतो. मोठ्या आवाजात ट्वीटर बंद पडतो आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो, ते त्यामुळे. हा भाग तुम्हाला सावध करतोय, त्याला शॉर्ट करून टाकू नका.

आता स्पीकर बाहेर काढा. मधल्या गोल टोपीभोवती चारही बाजूंनी बोटं ठेवून कोन, म्हणजे स्पीकरचा पुढचा हलणारा पडदा, सारख्या दाबाने आत ढकला. एकाच बाजूने दाबलात तर चांगला स्पीकरही घासतो. आत-बाहेर होताना खरखर लागली तर कॉइल, म्हणजे कोनमागचं तांब्याच्या तारेचं वेटोळं, मॅग्नेटच्या फटीत घासतेय. ही फट मिलिमीटरपेक्षाही लहान असते, कॉइल जराशी फुगली तरी अडकते. नाक जवळ नेऊन वास घ्या. जळलेल्या वार्निशचा वास महिनोन् महिने जात नाही.

डावा तर गेलेलाच आहे, म्हणून कटरने त्याचा कोन आणि खालची जाळीसारखी पिवळी चकती, म्हणजे स्पायडर, कडेने कापून कॉइल बाहेर ओढा. स्पीकर कशाने गेला ते तिथे स्पष्ट दिसतं. उष्णतेने गेला असेल तर तांब्याची लकाकी जाऊन तपकिरी-काळा रंग येतो, वेढे सुटून एकमेकांवर चढलेले असतात आणि ज्या नळीवर गुंडाळले आहेत तिला फोड आलेले असतात. जास्त अंतर हलल्याने गेला असेल तर कॉइल चकचकीत राहते, पण नळीचं खालचं टोक मॅग्नेटच्या तळावर आपटून चेपलेलं असतं, स्पायडर गोंदातून उखडलेला असतो किंवा टर्मिनलपासून कोनपर्यंत येणारी वेणीसारखी लवचीक वायर तुटलेली असते. तिसरा प्रकार पाण्याचा. फटीत गंज आणि कागदी कोनला लाटा. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यानंतर असे स्पीकर खूप येतात. मूळ कारण बहुतेक वेळा एकच असतं: डोअर पॅडच्या मागचा प्लास्टिकचा कागद वायर ओढताना फाडला आणि परत चिकटवलाच नाही. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या पोटात उतरणारच, त्याला अडवायला तो कागद असतो.

तुमच्या स्पीकरमध्ये पहिल्या दोन प्रकारांच्या खुणा एकत्र दिसतील असा माझा अंदाज आहे. घरघर हे जास्त अंतर हलल्याचं लक्षण, आणि नंतरचं गप्प होणं हे कॉइल जळल्याचं.

हे कसं घडतं ते जरा विस्ताराने सांगतो, कारण दोन्ही दुकानदारांची चूक इथेच झाली आहे.

गाण्यात पूर्ण ताकद क्षणभरच लागते. ढोलाचा एक ठोका ॲम्पकडून ५० वॅट ओढतो, पण पूर्ण गाण्याची सरासरी त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. कॉइल तापते ती सरासरीने. म्हणूनच ५० वॅटचा स्वच्छ ॲम्प ६० वॅटच्या स्पीकरला वर्षानुवर्षं काही करत नाही. गेन पूर्ण उघडला की गाण्यातला हळू भागही ॲम्पच्या मर्यादेला जाऊन टेकतो. लाटेचे शेंडे कापले जातात, यालाच क्लिपिंग म्हणतात. शेंडे पूर्ण सपाट झाले की त्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट पॉवर जाते. म्हणजे सरासरी ५ वॅटवर चालणारी कॉइल आता ५० वॅटपर्यंत आणि अगदी टोकाला १०० पर्यंत झेलते, तेही सलग. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर काचा खाली करून दोन-तीन तास असं वाजवलं तर ६० वॅटची कॉइल कशी टिकणार?

त्यात आणखी एक फेरा असतो. तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. साडेतीन ओहमची कॉइल २०० अंश सेल्सिअसला गेली की जवळपास सहा ओहमची होते. तेवढाच व्होल्टेज आता कमी पॉवर देतो आणि आवाज मंद वाटायला लागतो. माणूस काय करतो? व्हॉल्यूम वाढवतो. लांबच्या प्रवासात ‘आज स्पीकर नीट वाजत नाहीये’ असं वाटलं तर ती थांबायची वेळ आहे. आवाज कमी करून कॉइलला निवू द्या.

म्हणून ‘ॲम्प कमी पडला म्हणून स्पीकर उडाला’ या म्हणण्यात अर्धंच तथ्य आहे. लहान ॲम्प क्लिप झाला तरी आपल्या दुपटीपेक्षा जास्त देऊ शकत नाही. डेकच्या २० वॅटने ६० वॅटचा वूफर सहसा जळत नाही. नाजूक ट्वीटर मात्र जाऊ शकतो, कारण क्लिपिंगमुळे वरच्या पट्टीतली ऊर्जा वाढते. तुमच्याकडे मोठा ॲम्प आणून गेन असाच पूर्ण उघडा ठेवला, तर स्पीकर आणखी लवकर जातील.

दुसऱ्या दुकानदाराने आकडे वाचले, पण ते खोक्यावरचे. ॲम्पचा खरा आकडा त्याच्या फ्यूजवरून काढा. २५ अँपिअर गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे ३४५ वॅट आत जातात. तुमचा ॲम्प क्लास एबी, म्हणजे बरीच वीज उष्णतेत घालवणाऱ्या प्रकारचा. त्याची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर बाहेर येतात साधारण २०७, म्हणजे चॅनलमागे ५० वॅट. कमी वीज वाया घालवणारा क्लास डी असता तर ८० टक्के धरलं असतं. १६०० हा आकडा विसरा. स्पीकरचे ३०० वॅटही क्षणभराचे आहेत, तुमच्या कामाचे त्यातले आरएमएस ६० तेवढे. ५० वॅटचा चॅनल आणि ६० वॅटचा स्पीकर, याहून सरळ जोडी काय हवी?

डेकवरच्या ‘५० बाय ४’ चंही हेच आहे. ॲम्पशिवाय वाजवणाऱ्यांसाठी हा हिशेब मुद्दाम देतो. डेकच्या आतल्या आयसीला (ॲम्पचं काम करणाऱ्या चिपला) गाडीचे १४.४ व्होल्ट मिळतात. त्यातून ४ ओहमवर स्वच्छ लाट काढायची तर कागदावरची कमाल २६ वॅट, प्रत्यक्षात २० च्या आतबाहेर. तीच लाट पूर्ण चौकोनी केली की १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे जवळपास ५२. जाहिरातीतले ५० हे असे येतात. नवा ॲम्प घेताना खोक्यावर सीईए-२००६ चा उल्लेख शोधा, हल्ली त्यालाच सीटीए-२००६ म्हणतात. हे अमेरिकेतलं ऐच्छिक मानक आहे. त्याप्रमाणे पॉवर १४.४ व्होल्टवर, ४ ओहमवर आणि १ टक्क्याच्या आतल्या विकृतीला (डिस्टॉर्शनला) मोजावी लागते. तो उल्लेख असेल तर आकड्यावर विश्वास ठेवा, नसेल तर फ्यूज बघा.

आता घरघरीचं कारण. तोच आवाज निम्म्या फ्रिक्वेन्सीला काढायचा असेल तर कोनला चौपट अंतर हलावं लागतं. ८० हर्ट्झला एक मिलिमीटर हलणाऱ्या कोनकडून ४० हर्ट्झला तेवढ्याच आवाजासाठी चार मिलिमीटरची मागणी होते, आणि दारातल्या साडेसहा इंचीची धाव बहुधा तेवढ्यावरच संपते. वर बास बूस्ट. बऱ्याच ॲम्पवर तो ४५ हर्ट्झच्या आसपास १२ डेसिबलपर्यंत वाढवतो. ३ डेसिबलला पॉवर दुप्पट होते, म्हणजे १२ ला सोळापट. जो सूर हा स्पीकर काढूच शकत नाही, त्याच्यावर सोळापट पॉवर ओतली जातेय. त्यातून बास मिळत नाही, मिळते ती घरघर. दाराच्या स्पीकरसाठी बास बूस्ट शून्यावर ठेवा आणि फिल्टर हायपासला (म्हणजे खालचे सूर अडवणारा), ८० हर्ट्झवर. या एका बटणाने जितके स्पीकर वाचतात तितके कुठल्याही महागड्या ब्रँडने वाचत नाहीत.

नवी जोडी बसवली की गेन असा लावा. गेनला व्हॉल्यूमचं बटण समजू नका. डेकच्या आरसीएमधून येणाऱ्या व्होल्टेजशी ॲम्पचा मेळ घालायला ते असतं. स्पीकरच्या वायरी ॲम्पवरून सोडा. डेकचा इक्वलायझर सपाट करा, लाउडनेस बंद, ॲम्पचे फिल्टर तात्पुरते ‘फुल’वर. इंजिन चालू ठेवा, गाडी मोकळ्या हवेत. पेन ड्राइव्हवरून ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा टेस्ट टोन वाजवा. ५० च कशासाठी, तर घरातली वीज ५० हर्ट्झची आहे आणि साधा मीटर तिथे बरोबर मोजतो, हजार हर्ट्झला तो चुकू शकतो. व्हॉल्यूम पूर्णच्या पाऊण हिश्शावर न्या आणि मीटर एसी व्होल्टवर लावून ॲम्पचं आउटपुट बघा. गेन शून्यापासून हळूहळू वाढवत अपेक्षित आकड्यावर थांबवा. आकडा काढायचा वॅट गुणिले ओहम याच्या वर्गमुळाने. ५० गुणिले ४ म्हणजे २००, त्याचं वर्गमूळ १४.१. स्पीकरच्या ६० वॅटप्रमाणे १५.५ येतात, पण ॲम्प आणि स्पीकर यांपैकी जो लहान त्याचाच आकडा धरायचा, कारण लाट कापली गेली तरी मीटर आकडा दाखवतच राहतो. मग हायपास पुन्हा लावा, स्पीकर जोडा, आणि डेकचा व्हॉल्यूम पाऊणच्या पुढे कधीही नेऊ नका. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा.

आवाज ‘कमी’ वाटतो म्हणून लोक व्हॉल्यूम वाढवतात, तेव्हा तो कमी का वाटतो तेही शोधायला हवं. दोन कारणं मला वारंवार सापडतात. एक म्हणजे एका दाराचा प्लस-मायनस उलटा. दोन्ही स्पीकर उलटसुलट हलले की बास एकमेकांना खोडतो, आणि माणूस तो परत आणायला बूस्ट फिरवतो. ॲम्पकडच्या टोकाला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा. प्लसला प्लस लागल्यावर कोन बाहेर आला पाहिजे, दोन्ही दारांत. दुसरं, स्पीकर आणि पत्रा यांच्यातली फट. कोनच्या मागचा आवाज पुढे येऊन पुढच्या बासला मारतो. स्पीकर ज्या रिंगवर बसतो तिच्यामागे फोमची पट्टी लावा, पत्र्यातली मोठी भोकं डॅम्पिंग शीटने बुजवा, पाणी निघायची खालची भोकं मात्र मोकळी ठेवा. लाकडी एमडीएफची रिंग आपल्या पावसात फुगते. प्लास्टिकची घ्या, नाहीतर एमडीएफला सगळीकडून रंगाचे दोन हात द्या.

ॲम्पच्या टर्मिनलवरचा डीसी व्होल्टेजही जोरात वाजत असताना एकदा बघा. इंजिन चालू असून तो साडेबाराच्या खाली पडत असेल तर पॉवर केबल किंवा अर्थिंग कमकुवत आहे, आणि असा ॲम्प लवकर क्लिप होतो. बाजारात तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल सर्रास मिळते. तार ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली तर ती घेऊ नका. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत मुख्य फ्यूज हवाच. तो गाडीला आग लागू नये म्हणून असतो, तिथे काटकसर नको.

दुरुस्तीचं विचारलंत म्हणून सांगतो. गणपतीच्या आणि लग्नाच्या साउंडवाल्यांचे स्पीकर भरून देणारे कारागीर प्रत्येक मोठ्या गावात आहेत, हात चांगला आहे, आणि मोठ्या सबवूफरला त्यांच्याकडे जरूर न्या. फोमची कड कुजलेल्या जुन्या ६ बाय ९ लाही नवी कड लावून घ्यावी. साडेसहा इंचीला मात्र त्याच उंचीची, त्याच ओहमची कॉइल मिळणं अवघड, आणि दुसरी बसवली की डावं-उजवं सारखं वाजत नाही. पुढची जोडीच बदला, कारण उजव्याची फर्र म्हणजे तोही त्याच वाटेवर आहे. नवी घेताना वॅटपेक्षा सेन्सिटिव्हिटी (ठरावीक पॉवरला स्पीकर किती आवाज देतो तो आकडा) बघा. ९१ डेसिबलचा स्पीकर ८८ वाल्याच्या निम्म्या पॉवरमध्ये तेवढाच आवाज देतो. आणि गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची वायर कापू देऊ नका, वायर न कापता जोडायचा कपलर मिळतो.

हायपास लावल्यावर दारातला बास कमी वाटेल. तो हवाच असेल तर त्यासाठी वेगळा सबवूफर ठेवा. तुमच्या चार चॅनलमध्येच ते जमेल: मागचे ओव्हल डेकवर घ्या आणि ॲम्पचे मागचे दोन चॅनल ब्रिज करून (म्हणजे दोन्हींची पॉवर एकाच स्पीकरला जोडून) पेटीतला ८ किंवा १० इंची सब लावा, लोपास (वरचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनलला निम्मा भार दिसतो, म्हणून बहुतेक ॲम्पना ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली नेता येत नाही. सिंगल कॉइलचा ४ ओहमचा सब घ्या, किंवा दोन कॉइलचा २ अधिक २ वाला घेऊन कॉइल सिरीजमध्ये (एकीमागे एक) जोडा. ४ अधिक ४ वाला घेतलात तर पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) केल्यावर २ ओहम होतील आणि ॲम्प प्रोटेक्टला जाईल, सिरीजमध्ये ८ होतील आणि पॉवर जवळपास निम्मी मिळेल. कॉइल जोडून झाल्यावर ॲम्पला लावण्याआधी मीटरने एकदा मोजा. तीनच्या खाली आकडा आला तर जोडणी चुकली आहे.